सेवेला पाळी हवी: मंडळीत झटणाऱ्यांनी विसावा कसा घ्यावा

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक वाक्य आहे, नाताळच्या दिवसांत ते दरवर्षी वाचलं जातं आणि दरवर्षी मागे पडतं. जखऱ्या याजक मंदिरात धूप जाळायला गेला, तिथं त्याला देवदूत दिसला, त्याची वाचा गेली आणि मग सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो आपल्या घरी गेला. एवढं मोठं दर्शन घडूनही पाळी संपली तेव्हा तो घरी गेला, आणि त्याच्या जागी पुढच्या वर्गाचे याजक आले. दाविदाच्या काळी याजकांचे २४ वर्ग नेमले गेले होते, त्यांतला आठवा अबीयाचा, आणि जखऱ्या त्या वर्गातला. मंदिरातली सेवा वर्षभर अखंड चालायची, पण कोणी एक याजक वर्षभर अखंड उभा नसायचा.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत काय दिसतं? शंभर-सव्वाशे कुटुंबांच्या मंडळीतही सगळा भार पाच-सहा जणांच्या डोक्यावर असतो. संडे स्कूल घेणारी ताईच स्त्रियांच्या सभेची चिटणीस असते, तिचे यजमान खजिनदार, मुलगा गायनात कीबोर्डवर, आणि मंदिराची किल्लीही त्यांच्याच घरी. ही माणसं तक्रार करत नाहीत. एके दिवशी ती यायचीच थांबतात, आणि मंडळी म्हणते, ‘त्यांचा विश्वास थंडावला.’ हे वाक्य मला फार लागतं. बहुतेक वेळा विश्वास जागच्या जागी असतो. माणूस थकलेला असतो आणि त्याच्या थकण्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नसतं.

हा लेख अशा माणसांसाठी आहे. तेवढाच तो त्यांना कामं सांगणाऱ्या पाळकांसाठी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसाठी, आणि कमिटीच्या सभासदांसाठी आहे, कारण विसावा एकट्यानं चोरून घ्यायचा म्हटलं तर तो दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्याची व्यवस्था मंडळीनं लावावी लागते.

आधी एक आठवडा लिहून काढा

थकवा नेमका कुठून येतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम वहीचं. सोमवार ते रविवार, मंडळीसाठी जे जे केलं ते त्या त्या दिवशी रात्री लिहायचं, वेळेसकट. फक्त सभा आणि वर्ग लिहून भागत नाही. जायला-यायला लागलेला वेळ, पाठाची तयारी, गाण्यांच्या झेरॉक्स, खुर्च्या लावणं आणि आवरणं, चहाचं पातेलं घासणं, अर्पणाचा हिशेब, आजाऱ्याच्या घरी गेलेली संध्याकाळ, आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं देण्यात गेलेला वेळ, हे सगळं लिहा. फोनची वेळ लोक नेहमी विसरतात आणि बऱ्याचदा तीच सगळ्यांत मोठी निघते.

आठवडा संपला की प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. हे काम मला मंडळीनं नेमून दिलं आहे का, हे करताना मला आतून बोलावणं जाणवतं का, की दुसरं कोणी करत नाही म्हणून ते माझ्याकडे आलं? तिसऱ्या प्रकारच्या कामांखाली लाल रेघ मारा. पुढं जे सोडायचं किंवा वाटून द्यायचं आहे, त्याची सुरुवात तिथून होईल.

वहीत अजून एक ओळ रोज लिहा: रात्री झोप किती झाली. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. कंपनीत शिफ्ट करून, संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन, पहाटे उठून पाठ तयार करणाऱ्याची झोप सलग पाच तासांवर आली असेल, तर पुढची कोणतीही पायरी चढण्याआधी ते दुरुस्त करायला हवं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. रतामाच्या झुडपाखाली तो ‘आता पुरे’ म्हणून मरण मागत होता. देवानं त्याला त्या क्षणी ना बोध केला, ना रागावला. त्याला झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी झालं. आणि त्या बोलण्याच्या शेवटी त्याला अलीशाचं नाव मिळालं, म्हणजे जोडीला माणूस मिळालं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. झोप, अन्न, मग देवाचा शब्द, मग मदतनीस.

आठवड्यातला एक दिवस ठरवा, आणि तो रविवार असेल असं गृहीत धरू नका

सेवा करणाऱ्याच्या वाट्याला रविवारी विसावा क्वचितच येतो. पाळकांचा तर तो सर्वांत कष्टाचा दिवस: सकाळची उपासना, मग एखादा बाप्तिस्मा, दुपारी शेजारच्या गावची मंडळी, संध्याकाळी तरुण संघ. म्हणूनच पुष्कळ पाळक सोमवार सुट्टीचा धरतात, आणि ते योग्यच आहे. फक्त तो सोमवार मंडळीला माहीत असायला हवा. उपासनेच्या पत्रकावर, सूचनाफलकावर, ग्रुपच्या माहितीत स्पष्ट लिहा: सोमवारी पाळकसाहेब उपलब्ध नसतात, निकडीच्या कामासाठी अमुक सेक्रेटरींना फोन करावा.

इथं कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आठवण होते. अलिबाग-रेवदंड्याकडच्या गावांत ही मराठी बोलणारी ज्यू माणसं तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून गावानं त्यांना नावच दिलं, शनवार तेली. त्यांचा विसावा शेजाऱ्यांना इतका पक्का ठाऊक होता की तीच त्यांची ओळख झाली. आपल्या पाळकांचा विसाव्याचा दिवस कोणता, हे मंडळीतल्या किती जणांना सांगता येईल?

नोकरी करून सेवा करणाऱ्यांना अख्खा दिवस मिळणं अवघड असतं. त्यांनी निदान शनिवारची दुपार ते रात्र, किंवा मधल्या वारांतल्या दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात. अर्धा दिवसच का होईना, पण तो ठरलेला असावा. ‘जमेल तेव्हा’ असं ठरवलं की तो कधीच येत नाही.

बायकांच्या रविवाराबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इतर कोणी बोलत नाही. आपल्या घरांत रविवारचं जेवण हा सोहळा असतो. उपासना सुटली की मटण शिजायला टाकायचं, पाहुणे यायचे, वाढायचं, भांडी काढायची, आणि पाच वाजता पुन्हा स्त्रियांच्या सभेला हजर राहायचं. घरातल्या पुरुषांची दुपारची झोप होते, तिची होत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दिली आहे तिथं देव मुद्दाम सांगतो की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, आणि कारण देतो की तूही मिसर देशात दास होतास. ‘निर्गम’ या पुस्तकात तीच आज्ञा देताना कारण सृष्टीच्या निर्मितीचं आहे. इथं मात्र गुलामीची आठवण आहे. घरात एकाच्या विसाव्यासाठी दुसरी व्यक्ती राबत असेल तर आज्ञेचा हा अर्धा भाग आपण पाळत नाही. तेव्हा महिन्यातले दोन रविवार साधं जेवण ठरवा: आदल्या दिवशी करून ठेवलेली आमटी, भात, लोणचं. आणि भांडी पुरुषांनी घासावीत.

आदल्या दिवशीच्या तयारीचा धडा मान्न्याच्या, म्हणजे रानात देवानं दिलेल्या अन्नाच्या, गोष्टीतच आहे. सहाव्या दिवशी लोक दुप्पट गोळा करत, म्हणून सातव्या दिवशी रानात जावं लागत नसे. विसाव्याचा दिवस आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या दिवशी तयार करावा लागतो. म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेची, गायनाची, किल्लीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला आठवण करून द्या. उरलेली उत्तरं देऊन टाका. मग ग्रुप म्यूट करा आणि फोन अशा खोलीत ठेवा जिथं तुम्ही बसत नाही. घरातल्या एकानं फोन उचलावा आणि निकड असेल तरच तुम्हाला हाक मारावी.

निकड कशाला म्हणायचं, हे आधीच ठरलेलं बरं. माझ्या मते चारच गोष्टी: कोणाचा मृत्यू, कोणी दवाखान्यात गंभीर असणं, अपघात, आणि घरात मारहाण किंवा जीव देण्याची भाषा. यांसाठी विसावा मोडायचा, आणि एका शब्दानंही कुरकुर न करता मोडायचा. आपल्याकडे दफनविधी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतो, पाळकानं तिथं असायलाच हवं. पण माईक बिघडला, कॅरलच्या (नाताळगीतांच्या) तालमीची वेळ बदलायची, पावती पुस्तक सापडत नाही, यांतलं काही मंगळवारपर्यंत थांबल्यानं कोणाचं नुकसान होत नाही. मोडलेला दिवस मात्र त्याच आठवड्यात दुसरीकडे भरून काढा. पुढच्या महिन्यावर ढकललेला विसावा मी कोणाला मिळालेला पाहिला नाही.

नकार कसा द्यावा

सगळ्यांत अवघड पायरी ही आहे. पाळक घरी येतात, चहा घेतात, प्रार्थना करतात, आणि निघताना दारात म्हणतात, ‘ताई, यंदाच्या व्ही.बी.एस.चं (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचं) तुम्हीच बघा.’ अशा वेळी ‘नाही’ म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं असं वाटतं. तसं नसतं. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमचं अख्खं गाव दाराशी गोळा झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच प्रभू येशू एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले आणि म्हणाले की सगळे लोक तुला शोधत आहेत. त्यावर तो परत त्या दाराशी गेला नाही. आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, कारण मी त्याचसाठी आलो आहे, असं तो म्हणाला. लोकांची गरज खरी होती, मागणी चुकीची नव्हती, तरीही त्या दिवशी त्याचं काम दुसरीकडे होतं. आणि ते त्याला कळलं ते प्रार्थनेत.

म्हणून पहिला नियम: कोणतीही नवी जबाबदारी दारात उभं राहून स्वीकारू नका. तीन दिवस मागा. ‘सलाम पाळकसाहेब, तुम्ही माझा विचार केलात याचा आनंद वाटला. मी यावर प्रार्थना करते, घरात बोलते आणि गुरुवारी कळवते.’ गुरुवारी खरंच कळवा.

नकार द्यायचा असेल तर तो छोटा आणि सरळ असावा: ‘पाळकसाहेब, या वर्षी माझ्याकडे संडे स्कूल आहे. व्ही.बी.एस. घेतलं तर दोन्हींना न्याय देता येणार नाही. या मे महिन्यात मला जमणार नाही.’ कारणांची रास लावू नका. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, मुलाची दहावी, घराचं रंगकाम असं एकेक पुढे केलं की समोरचा एकेकावर तोडगा काढतो आणि शेवटी तुम्ही हो म्हणून बसता. शक्य असेल तर एक नाव सुचवा, पण त्या व्यक्तीला आधी विचारल्याशिवाय नाही.

मोठ्या वयाच्या माणसांशी बोलताना सूर सांभाळावा लागतो. काका-मावशींनी ज्या काळात मंडळी उभी केली, त्या काळात विसावा वगैरे शब्द कोणी उच्चारत नव्हतं. ‘आम्ही तर सायकलवर चार गावं करायचो’ असं ते म्हणतात तेव्हा वाद घालू नये. त्यांनी ती चार गावं खरोखरच केली आहेत. ‘काका, तुम्ही लावलेलं काम बंद पडू नये म्हणूनच मी हे दोघांत वाटून घ्यायचं म्हणतोय’ असं सांगितलं की बहुधा पटतं, कारण त्यांनाही काळजी तीच असते.

आणि पाळकांना, कमिटीला एक विनंती. कोणी नाही म्हटलं तर त्याला वचनं ऐकवू नका. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचं वचन तर मुळीच नको. ‘बरं झालं स्पष्ट सांगितलंत’ एवढं म्हणा आणि पुढच्या रविवारी त्याच मायेनं हात मिळवा.

कामाला पाळी लावा

इथवरचं एकट्यानं करता येतं. इथून पुढचं कमिटीच्या बैठकीत करावं लागतं, आणि खरा बदल याच पायरीवर होतो.

इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला भेटायला रानात आला तेव्हा त्यानं पाहिलं की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसला आहे आणि लोक भोवती उभे आहेत. तो म्हणाला की हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. लोकही! एकच माणूस सगळं करतो तेव्हा रांगेत उभे राहणारेही दमतात, हे आपण विसरतो. इथ्रोनं सांगितलेली तोड मोजक्या शब्दांतली होती: हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर विश्वासू माणसं नेम, अवघड तेवढंच तुझ्याकडे येऊ दे.

आपल्या मंडळीत हे असं करता येईल.

एका मोठ्या कागदावर मंडळीतलं प्रत्येक काम लिहा, अगदी पडदे धुण्यापर्यंत. प्रत्येकापुढे आज ते करणाऱ्याचं नाव. ज्यांचं नाव तीनपेक्षा जास्त वेळा आलं त्यांच्याभोवती गोल करा. कमिटीच्या पुष्कळ सभासदांना हा कागद पाहूनच धक्का बसतो. मग प्रत्येक कामाला दुसरं नाव जोडा. एकट्याचं असं एकही काम ठेवायचं नाही, किल्लीचंसुद्धा नाही. दुसरी व्यक्ती तरुण असली, अननुभवी असली तरी चालेल, किंबहुना ते जास्त चांगलं.

संडे स्कूलसाठी सर्वांत सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक आणि एकाआड एक महिना. ज्या महिन्यात पाळी नाही, त्या महिन्यात शिक्षकानं उपासनेत बसायचं. मुलांना शिकवताना वर्षानुवर्षं संदेश न ऐकलेले शिक्षक मी पाहिले आहेत. बाहेर पडवीत मुलं सांभाळायची, आत प्रभुभोजन चालू. दुसऱ्यांना भरवणाऱ्याचं ताट असं रिकामं राहू नये. गायनाचं नेतृत्व, वाचन, स्वागत, चहा यांनाही महिन्याची पाळी पुरते. आजाऱ्यांच्या घरभेटींसाठी जोड्या करा आणि एका जोडीकडे एका वेळी तीन-चार घरांपेक्षा जास्त देऊ नका.

त्यानंतर मुदत. प्रत्येक जबाबदारी दोन किंवा तीन वर्षांची असावी, आणि मुदत संपल्यावर निदान सहा महिने त्या व्यक्तीला कोणतंही दुसरं पद देऊ नये. आपल्याकडे एखादी बाई स्त्रियांच्या सभेच्या अध्यक्षपदावरून मोकळी होते आणि त्याच बैठकीत तिला खजिनदार करतात. हा विसावा नव्हे.

ज्येष्ठांना बाजूला होण्याचं दुःख होतं, ते समजून घ्यायला हवं. बायबलमधल्या ‘गणना’ पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या माणसांच्या, सेवेचं वय २५ पासून ५० पर्यंत सांगितलं आहे. पन्नाशीनंतर त्यांनी कष्टाचं काम करायचं नाही, पण आपल्या भाऊबंदांना मदत करायची. म्हणजे त्यांना घरी बसवलं नाही, हातातला भार तेवढा काढून घेतला. आपण पन्नाशीची रेघ धरावी असं मी म्हणत नाही, पण तीस वर्षं पेटी वाजवलेल्या काकांना ‘आता नव्या मुलाशेजारी बसून त्याला चाली शिकवा’ असं मानानं सांगता येतं. जुन्या मराठी गीतांच्या चाली त्याच मार्गानं पुढच्या पिढीकडे जातील.

काम सोपवताना वहीही सोपवा. कुठून काय आणायचं, कोणाला फोन करायचा, गेल्या वर्षी किती मुलं होती, खाऊला किती खर्च आला. अशी वही नसते म्हणून नवा माणूस पहिल्याच महिन्यात गोंधळतो, जुन्याला दया येते, आणि काम परत जुन्याकडे.

वर्षाचं वेळापत्रक

आठवड्याची पाळी लागली तरी वर्षातले काही महिने अंगावर येतात. उपवासकाळातले ४० दिवस, त्यात रोजच्या प्रार्थना, पवित्र सप्ताह, उत्तम शुक्रवारचं दुपारचं लांब चिंतन, ईस्टरची पहाट. मग मे महिन्यात व्ही.बी.एस. आणि तरुणांची शिबिरं. कॅथॉलिक बांधवांकडे सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीची, श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीची गर्दी. आणि डिसेंबर तर सगळ्यांनाच पुरून उरतो: महिनाभर कॅरल पथकं घरोघरी, नाटिका, २५ तारीख, ३१ च्या रात्रीची उपासना, १ जानेवारीला पुन्हा उपासना.

जानेवारीचे दोन आठवडे कमिटीनं कोरे ठेवावेत. रविवारची उपासना सोडून एकही सभा, एकही बैठक नको. ईस्टरनंतरचा आठवडाही तसाच. हे आधीच्या ऑक्टोबरमध्ये ठरवून छापून टाकावं, नाहीतर कोणीतरी ‘आभार मेळावा’ घेऊन ती जागा भरतं. कॅरल पथकाला एका रात्री किती घरं, हेही ठरवा. रात्री दहाला संपलं पाहिजे, कारण त्यातल्या अर्ध्या मुलांना सकाळी कॉलेज किंवा कामावर जायचं असतं.

पाळकांचं घर

पाळकांच्या विसाव्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांचं घर मंदिराच्या आवारात असतं आणि दार सगळ्यांसाठी उघडं. पाळकीणबाईंना पगार नसतो, नेमणुकीचं पत्र नसतं, पण स्त्रियांची सभा, पाहुण्यांचा चहा आणि लोकांची दुःखं हे सारं त्यांच्याकडे येतं. त्यांची मुलं मंडळीच्या नजरेखाली वाढतात.

कमिटीनं चार गोष्टी कराव्यात. आठवड्याची सुट्टी लेखी ठरवावी. वर्षाची रजा खरोखर घेतली जाते का ते सेक्रेटरीनं पाहावं, आणि त्या काळात पाळकांनी गावात राहू नये. महिन्यातला एक रविवार मंडळीतल्या उपदेशकांना किंवा शेजारच्या पाळकांना संदेशासाठी द्यावा. आणि पाळकीणबाईंना विचारावं की तुम्हाला कोणती कामं करायची इच्छा आहे, बाकीची इतरांत वाटावीत. एखाद्या पाळकीणबाईंची बँकेत किंवा शाळेत नोकरी असेल तर त्यांनी प्रत्येक सभेला यावंच, ही अपेक्षा सोडून द्यावी.

पाळकांकडून एक अपेक्षा मात्र ठेवावी. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभू त्यांना एकांतात विसाव्यासाठी घेऊन निघाला. लोक पायी धावत आधीच तिथं पोचले आणि विसावा मोडला. प्रभूला लोकांचा कळवळा आला, शिकवण झाली, पाच हजारांचं जेवण झालं. हा भाग सर्वांना पाठ असतो. पण त्यानंतर काय झालं? त्यानं शिष्यांना आधी तारवात बसवून पाठवून दिलं, लोकसमुदायाला स्वतः निरोप दिला, आणि मग तो डोंगरावर प्रार्थनेला गेला. पुढाऱ्यानं आधी मदतनिसांना घरी पाठवावं, मागचं आवरायला स्वतः थांबावं, आणि नंतर आपलाही एकांत गाठावा. कार्यक्रम संपल्यावर तरुण मुलांना खुर्च्या उचलायला सोडून स्वतः गाडीत बसणारा पुढारी आणि कधीच घरी न जाणारा पुढारी, दोघांनीही हा उतारा सावकाश वाचावा.

थकवा आजार बनतो तेव्हा

एक-दोन रात्री झोपून न जाणारा थकवा ओळखायला शिकलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेचं वर्णन तीन लक्षणांत केलं: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असं वाटणं. तिची व्याख्या नोकरीतल्या कामापुरती आहे, पण मंडळीत हीच लक्षणं ओळखीची वाटतील. ज्या मुलांवर जीव होता त्यांचा कंटाळा येतो. प्रार्थना तोंडानं चालू राहते, मन कुठं नसतं. कोणाचा फोन आला की छातीत धस्स होतं.

हे महिनाभर चाललं, झोप आणि भूक गेली, रडू येऊ लागलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार आले, तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना करतच जा, पण जा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. साखर वाढल्यावर गोळी घेणं आपल्याला अविश्वास वाटत नाही, तसंच मनाच्या औषधाबद्दलही वाटू नये.

मंडळीनं अशा माणसाशी कसं वागावं, याचा नमुना फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे. फिलिप्पैच्या मंडळीतला एपफ्रदीत प्रेषित पौलाची सेवा करायला गेला आणि ख्रिस्ताच्या कामात मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पौलाला तुरुंगात त्याची गरज होती, तरी त्यानं त्याला घरी पाठवलं. आणि मंडळीला लिहिलं की आनंदानं त्याचं स्वागत करा, अशांना मान द्या. परत येणाऱ्याला कोणी विचारू नये की काम अर्धवट टाकून का आलास, याची काळजी पौलानं आधीच घेतली.

पुन्हा कामाला लागताना

सहा महिने किंवा वर्षभर थांबलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला सगळी जुनी कामं एकदम मिळतात, कारण सगळे वाटच पाहत असतात. असं होऊ देऊ नका. परत येणाऱ्यानं एकच काम घ्यावं, तेही वहीत लाल रेघ नसलेलं, ज्याच्यात त्याला बोलावणं जाणवत होतं ते. त्या कामाला जोडीदार असावा. तीन महिन्यांनी पाळकांबरोबर अर्धा तास बसून बोलावं: झोप कशी आहे, घरी काय म्हणतात, प्रार्थनेत मन लागतं का. उत्तरं बरी असतील तर दुसरं काम घ्यायचं की नाही ते ठरवावं. नसतील तर आहे तेच आणखी तीन महिने चालू ठेवावं, आणि दुसऱ्या कामासाठी कमिटीनं दुसरं माणूस शोधावं.